घर होईपर्यंतचं घर

दोस्तांनो, जंगलात, एखाद्या तळ्याच्या काठी, स्वतःच्या हातांनी लाकडाचं घर बांधून राहावं असं तुमच्यापैकी कितीजणांना वाटतं? हात वर करा पाहू! मला ठाऊक आहे, वर्गातले निम्मे हात ताडकन वर होणार, आणि उरलेले शेजाऱ्याकडे बघत बघत हळूच अर्धे वर येणार. ते घर कसं असावं हेही तुमचं ठरलेलं आहे. चित्रकलेच्या तासाला आपण तेच तर काढतो. उतरतं छप्पर, त्यावर धुराडं, मागे दोन डोंगर आणि डोंगरांच्या मधोमध सूर्य.

पण या चित्रात एक गोष्ट कुणीच काढत नाही. समजा, ते घर बांधायला तीन-चार महिने लागणार आहेत. मग ते तीन-चार महिने तुम्ही झोपणार कुठे?

हसू नका. तुमच्या आई-बाबांनी घर बांधलं असेल, तर त्यांना विचारा. शहरात माणसं नवं घर होईपर्यंत भाड्याच्या खोलीत राहतात, नाहीतर मामाकडे मुक्काम ठोकतात. गावाकडे बांधकामाच्या समोरच पत्र्याची शेड उभी राहते, तिथेच चूल मांडली जाते, आणि शेडमध्ये अभ्यास करून दहावी झालेली मुलंही असतात! पण जिथे विजेची तार नाही, नळ नाही, दुकान नाही, मामा तर नाहीच नाही, तिथे हा प्रश्न घराच्या प्रश्नापेक्षाही मोठा होऊन बसतो. रात्रभर पावसात भिजलेला, थंडीने कुडकुडलेला माणूस सकाळी कुऱ्हाड कशी चालवणार? पेंगणाऱ्या माणसाची कुऱ्हाड लाकडावर कमी आणि स्वतःच्या पायावर जास्त पडते. आणि तिथे पायाला टाके घालणारा डॉक्टरही नसतो, बरं का!

आज अशा तीन घरांची हकिगत सांगतो. तिन्ही घरं अमेरिकेतली, पण वेगवेगळ्या काळातली. घरांपेक्षा त्यांच्या आधीच्या मुक्कामांकडे जरा जास्त लक्ष द्या.

पहिला माणूस हेन्री डेव्हिड थोरो. अन्यायी कायदा मुकाट्याने पाळू नये, अशा अर्थाचा त्याचा निबंध गांधीजींनी आवडीने वाचला होता, म्हणून हे नाव तुमच्या कानांवरून गेलं असेल. १८४५ सालच्या मार्चअखेर हा सत्तावीस वर्षांचा तरुण मॅसेच्युसेट्स राज्यातल्या वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी घर बांधायला गेला. जमीन इमर्सन या लेखकमित्राची. कुऱ्हाडसुद्धा उसनी! (परत करताना मात्र आणली होती त्याहून जास्त धार लावून दिली, असं तो अभिमानाने सांगतो. उसनी वस्तू अशी परत करणारा मित्र मला अजून भेटायचा आहे.)

तर थोरो या काळात राहत होता कुठे? चक्क गावात! कॉंकर्ड हे त्याचं गाव तळ्यापासून दीडेक मैलावर. सकाळी निघायचं, दिवसभर पाइनची झाडं तोडायची, तासायची, संध्याकाळी परत. दुपारच्या जेवणाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव आणि लोणी. पाव खाऊन झाला की तो कागदही वाचून काढायचा. म्हणजे डबा घेऊन कामाला जाणाऱ्या माणसात आणि त्याच्यात फारसा फरक नव्हता. यावरून पुष्कळ लोक थोरोला हसतात. ‘कसला हो हा वनवासी!’ म्हणतात. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. कोरडं अंथरूण दीड मैलावर असताना उगाच झाडाखाली भिजत पडण्यात कसली मर्दुमकी?

फळ्यांसाठी त्याने एक युक्ती केली. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची जुनी झोपडी त्याने ४ डॉलर २५ सेंटना विकत घेतली. राहायला नव्हे, मोडायला! ती सुटी करून फळ्या गाडीने तळ्याकाठी नेल्या आणि वाळवायला उन्हात गवतावर पसरल्या. इकडे हा गाडी हाकतोय तोवर तिकडे एका शेजाऱ्याने सरळ, चांगले खिळे निवडून आपल्या खिशात घातले. झोपडीतली माणसं सगळं सामान घेऊन निघून गेली, पण त्यांची मांजर काही गेली नाही. ती रानात पळाली आणि रानमांजर झाली.

मे महिन्यात मित्रांनी हात लावला आणि घराचा सांगाडा उभा राहिला. ४ जुलैला थोरो तिथे राहायला गेला. घर किती मोठं? आत १० बाय १५ फूट. पण खरी मजा पुढेच आहे. या घराला तेव्हा छप्पर होतं आणि फळ्यांच्या भिंती होत्या, बस्स. धुराडं नाही, गिलावा नाही, फळ्यांमध्ये रुंद फटी. रात्री त्यातून गार वारा यायचा. स्वयंपाक बाहेर जमिनीवर. पाव भाजत असताना पाऊस आला की विस्तवावर दोन-चार फळ्या आडव्या धरायच्या आणि त्यांच्या आडोशाला बसून पावाकडे लक्ष ठेवायचं. थंडी पडायच्या आत त्याने विटांचं धुराडं बांधलं, आणि पाणी गोठायला लागलं तेव्हा कुठे भिंतींना गिलावा केला. म्हणजे पहिले काही महिने त्याचं अर्धवट घर हाच त्याचा तात्पुरता मुक्काम होता. सगळा हिशेब त्याने लिहून ठेवलाय, २८ डॉलर साडेबारा सेंट.

अर्धवट घरात राहायला जाण्याने भाडं वाचतं, येण्याजाण्याचा वेळ वाचतो. पण त्यात एक मेख आहे. एकदा माणूस आत राहायला लागला की त्याला सवय होते. ‘गिलावा काय, पुढच्या वर्षी करू!’ असं म्हणत पंधरा वर्षं उघड्या विटांत काढलेली घरं तुमच्याही गल्लीत एखाददुसरं असेलच. (आई-बाबांकडे बघून हसू नका.) थोरोच्या मागे मात्र मॅसेच्युसेट्सचा हिवाळा लागला होता. हिवाळा कुणाला पुढच्या वर्षीची तारीख देत नाही.

दुसरी हकिगत एका मुलीची. लॉरा इंगल्स तिचं नाव. पुढे मोठेपणी, लग्नानंतर लॉरा इंगल्स वाइल्डर या नावाने तिने आपल्या लहानपणावर पुस्तकं लिहिली आणि ती जगभरच्या मुलांनी वाचली. १८७४ साली, लॉरा सात वर्षांची असताना, तिचे आई-वडील मिनेसोटा राज्यात प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी आले. हा गवताळ मुलुख. नजर जाईल तिथपर्यंत गवत, झाडं फक्त ओढ्याच्या काठाने. आता लाकूड नसलेल्या देशात लाकडाचं घर बांधायचं कसं? लाकूड विकत आणायला पैसे हवेत, आणि पैसे येणार गहू पिकल्यावर.

मग तोवर राहायचं कुठे? उत्तर होतं जमिनीच्या पोटात! ओढ्याच्या उभ्या काठात खोदलेली एक खोली त्यांना जमिनीबरोबरच मिळाली. मागची आणि बाजूची भिंत म्हणजे काठाची मातीच. पुढची भिंत गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची, विटांसारखी एकावर एक रचलेली. छप्पर विलोच्या फांद्यांचं, त्यावर पुन्हा मातीची ढेकळं, आणि त्या ढेकळांवर गवत उगवलेलं! खिडकी एकच, तिला काचेऐवजी तेलकट कागद. वरून चालणाऱ्याला कळायचंसुद्धा नाही की आपल्या पायाखाली कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे. गवतातून डोकावणारं चुलीचं नळकांडं दिसलं तरच कळायचं. लॉराने लिहिलंय की एकदा एका बैलाचा पाय थेट छपरातून खाली घरात आला.

अशी मातीची घरं त्या काळात त्या मुलखात पुष्कळ होती. १८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता. त्यानुसार १६० एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली, की किरकोळ फी भरून जमीन नावावर होत असे. राहणं सक्तीचं! म्हणून मग लोक आधी मातीत शिरायचे आणि पुढे सवडीने लाकडाचं घर बांधायचे. मातीत राहण्याचा एक मोठा फायदा होता. चार हात खाली गेलं की मातीला बाहेरची थंडी आणि बाहेरचं ऊन फार हळू पोचतं. म्हणून ही घरं हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहत. तोटेही होतेच. आत अंधार. छपरातून माती गळायची म्हणून काही बायका आढ्याखाली कापड ताणून बांधत. मोठा पाऊस झाला की छप्पर पाणी पिऊन घ्यायचं, आणि बाहेर लख्ख ऊन पडलं तरी आत चिखलाची टिपटिप चालूच. त्याशिवाय उंदीर आणि साप होते, ते काही भाडं देत नसत.

लॉराच्या वडिलांना, म्हणजे तिच्या ‘पा’ना, या बिळात आपल्या मुली ठेवणं आवडत नव्हतं. कुठल्या बापाला आवडेल? शेतात गहू छान आला होता. लॉराच्या पुस्तकात पुढची गोष्ट अशी आहे की पांनी लाकडाच्या फळ्या, काचेच्या खिडक्या, नवी शेगडी हे सगळं उधारीवर आणलं. गहू विकला की पैसे देऊ म्हणाले. घर झालं, पिवळंधमक, नव्या लाकडाच्या वासाचं. सगळे बिळातून नव्या घरात गेले.

आणि टोळ आले. १८७३ पासून पुढची चार-पाच वर्षं मिनेसोटात टोळधाडीने थैमान घातलं होतं. सूर्य झाकून टाकणारे थवे यायचे, उतरायचे आणि शेत फस्त करायचे. इंगल्स कुटुंबाचा गहू गेला, उधारी मात्र राहिली. मजुरी शोधायला पा पायी पूर्वेकडे निघून गेले, कारण तिकडे पिकं शाबूत होती. घरी आई आणि मुली, काचेच्या खिडक्यांच्या घरात, पैशाची वाट पाहत. १८७६ साली त्या कुटुंबाने ती जागा सोडली. (आणि ते टोळ? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जातच पृथ्वीवरून नाहीशी झाली. हे कोडं शास्त्रज्ञांनी फार दिवस चघळलं, पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.)

पांचं चुकलं का? घरी वादाला हा छान विषय आहे. माझ्यापुरतं विचाराल तर मी त्यांना दोष द्यायला तयार नाही, कारण टोळ येणार हे त्यांना कुणी सांगितलं होतं? पण एक पीक घरात येईपर्यंत ते कुटुंब बिळात थांबलं असतं, तर टोळांनी फक्त गहू नेला असता. मातीचं घर कुणाचं देणं लागत नव्हतं.

आता तिसरा माणूस, आणि हा माझा विशेष आवडता. डिक प्रेनेकी. जन्म १९१६ सालचा, आयोवा राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात सुतार होता. पुढे अलास्कात डिझेल इंजिनं दुरुस्त करणं, अवजड यंत्रं चालवणं, सामन मासे पकडणं, असली कामं केली. पन्नाशी उलटल्यावर या गृहस्थाने ठरवलं की आता आपण रानात एकट्याने राहून बघायचं. जागा निवडली ट्विन लेक्स, म्हणजे जोडतळी, अलास्काच्या नैऋत्य भागात. तिथे रस्ता जात नाही. उन्हाळ्यात पाण्यावर उतरणारं छोटं विमान, हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्यांचं विमान. बर्फ धरताना आणि बर्फ फुटताना मधले काही आठवडे दोन्ही बंद. पाणीही धड पाणी नसतं आणि बर्फही धड बर्फ नसतो, मग विमान उतरणार कशावर?

प्रेनेकीने काय केलं ते नीट बघा. घर बांधायला सुरुवात केली १९६८ साली, पण कामाला लागला १९६७ च्या उन्हाळ्यात. एक वर्ष आधी! त्या उन्हाळ्यात त्याने जागा निवडली, स्प्रूसची झाडं तोडली, त्यांची साल काढली आणि ओंडके रचून ठेवले. साल का काढली? सालीखाली ओल राहते, ओलीत किडे होतात, लाकूड कुजतं. रचून का ठेवले? ओलं लाकूड जड असतं आणि वाळताना आकसतं. ओल्याच ओंडक्यांची भिंत रचली, तर घर झाल्यावर भिंत आकसणार आणि फटी पडणार. शिवाय वाळलेला ओंडका एकट्या माणसाला हलवता येतो. म्हणजे प्रेनेकी खाली आपल्या उद्योगाला निघून गेला आणि वर तळ्याकाठी ऊन-वारा त्याच्यासाठी फुकट काम करत राहिला.

आणि राहायची सोय? तळ्याच्या काठी त्याच्या ओळखीच्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याची, स्पाइक कॅरिदर्सची, लाकडी झोपडी होती. स्पाइक आणि त्याची बायको होप यांनी ‘खुशाल वापर’ म्हणून सांगितलं होतं. प्रेनेकीने आपल्या घरासाठी निवडलेली जागाही त्या झोपडीपासून चालत जाण्याजोगी. हे सगळ्यांत महत्त्वाचं. राहायची जागा आणि कामाची जागा यांत तासाभराचं अंतर असतं तर रोजचे दोन तास पायांतच गेले असते.

२१ मे १९६८ रोजी बेब अल्सवर्थ नावाच्या वैमानिकाने त्याला तिथे सोडलं. वरच्या तळ्यावर अजून बर्फ होता, म्हणून विमान खाली उघड्या पाण्यावर उतरलं आणि प्रेनेकीने सामान पाठीवर घेऊन काठाकाठाने खेपा घातल्या. सामान तरी किती कमी! हत्यारांची नुसती पाती आणली होती, दांडे नाहीत. दांडे तिथल्या लाकडाचे करता येतात, मग विमानात त्यांचं वजन कशाला?

स्पाइकच्या झोपडीत शेगडी होती, बिछाना होता, डोक्यावर छप्पर होतं. त्यामुळे प्रेनेकीला पहिल्या दिवसापासून एकच काम उरलं, आपलं घर बांधणं. स्वयंपाकाला आडोसा करा, पावसाची ताडपत्री बांधा, ती वाऱ्याने उडाली की पुन्हा बांधा, यात त्याचा एकही दिवस गेला नाही. आणि अलास्कात उन्हाळ्याचा दिवस म्हणजे सोनं. जूनमध्ये तिथे सुमारे १९ तास उजेड असतो, डिसेंबरात जेमतेम सहा. उन्हाळाच मुळी तीन महिन्यांचा! त्यातले पंधरा दिवस तंबू सावरण्यात घालवले, तर ते परत कुठून आणणार?

मग भिंती चढू लागल्या. आतून ११ बाय १५ फुटांचं घर. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला खाली खोबण करायची, अशी की तो खालच्या ओंडक्यावर घोड्यावरच्या खोगिरासारखा घट्ट बसला पाहिजे. मधल्या फटीत शेवाळ ठासायचं. छपरावर बारीक वाशांची रांग, त्यावर डांबरी कागद, प्लॅस्टिक आणि वर शेवाळाची जाड गादी. दार दोन भागांत उघडणारं, म्हणजे वरचं अर्धं उघडून बाहेर अस्वल आहे का ते बघता येईल. बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या, हाताने कोरलेल्या! पेट्रोलच्या रिकाम्या चौकोनी डब्यांची पातेली आणि परात. जमिनीत खड्डा करून शेवाळाने झाकला, तो झाला फ्रीज. अन्न अस्वलांपासून वाचवायला उंच खांबांवर एक छोटी कोठी, आपल्या शेतातल्या माळ्यासारखी, फक्त तिच्यात माणसाऐवजी मांस आणि पीठ राहणार. उन्हाळा संपायच्या आत तो आपल्या घरात राहायला गेला. तळ्याकाठचे दगड वाहून आणून शेकोटी आणि धुराडंही त्याने बांधलं.

यातलं बरंचसं त्याने सिनेकॅमेरा तिपाईवर ठेवून स्वतःच चित्रित केलं. कॅमेरा लावायचा, चालत पुढे जायचं, काम करायचं आणि कॅमेरा बंद करायला परत यायचं. त्यावरून झालेली फिल्म पुढे अमेरिकेत टीव्हीवर दाखवली गेली आणि लोक थक्क झाले. पण फिल्म पाहणाऱ्यांना आठवते ती कोरीव बिजागरी. स्पाइकची झोपडी फारशी कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर त्या घराचा पहिला ओंडका म्हणजे स्पाइकची झोपडीच.

तिथला हिवाळा तरी कसा? पारा उणे ४० च्याही खाली जातो. सेल्सिअस की फॅरनहाइट, असं विचारू नका. उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्यांवर एकच आकडा येतो, गणित करून बघा! मधल्या काही खेपा सोडल्या तर प्रेनेकी पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या घरात राहिला. वयाच्या ऐंशीनंतर थंडी सोसेना तेव्हा तो कॅलिफोर्नियात भावाकडे गेला आणि २००३ साली वारला. ते घर आता लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जपून ठेवलंय आणि विमानाने जाऊन लोक ते पाहतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘प्रत्येकाला स्पाइक कुठून मिळणार?’ बरोबर आहे. म्हणून थंड मुलखात आजही असं घर बांधणारे लोक कुणी जाड कापडाचा तंबू ठोकून त्यात पत्र्याची शेगडी ठेवतात, कुणी मोटारीमागे ओढायची चाकांची खोली नेतात. आणखी एक जुना रिवाज मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी एक अगदी लहानशी खोपी बांधायची, खाट आणि शेगडी मावेल एवढीच. तिच्यात राहून मोठं घर बांधायचं. घर झालं की खोपीची होते लाकडाची वखार, नाहीतर हत्यारांची खोली. तिच्यावर केलेले कष्ट वाया जात नाहीत. शिवाय कोपरा काटकोनात कसा आणायचा, छप्पर कुठे गळतं, हे सगळं लहान खोपीवरच शिकून होतं.

तंबूत आणि चाकांच्या खोलीत दोन शत्रू असतात. पहिला म्हणजे आपलाच श्वास! श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो ना, तसा तंबूच्या थंड कापडाला आणि पत्र्याला आतून घाम येतो आणि तो अंथरुणावर टपकतो. ओलं पांघरूण उणे दहात पांघरण्यापेक्षा न पांघरलेलं काय वाईट! म्हणून थंडीतसुद्धा वरच्या बाजूला थोडी फट ठेवावीच लागते. दुसरा शत्रू दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. शेगडीतलं इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. बंद जागेत झोपलेल्या माणसाला तो झोपेतच संपवू शकतो. हे फक्त अलास्कापुरतं नाही हं! थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांनाही हाच धोका असतो. आजीने शेगडी आत घेतली तर खिडकी उघडायचं काम तुमचं.

आता या रविवारी करायची गोष्ट. गच्चीवर, अंगणात किंवा शाळेच्या मैदानावर खडूने एक चौकोन आखा, ११ बाय १५ फुटांचा. हे प्रेनेकीचं घर. आखून झालं की त्यात आडवे होऊन बघा. खाट कुठे, शेगडी कुठे, दार कुणीकडे, सगळं खडूने मांडा. चाळीत राहणाऱ्या दोस्तांना हे घर चांगलं ऐसपैस वाटेल, आणि बंगल्यातल्यांना प्रश्न पडेल की बाकीच्या खोल्या कुठे गेल्या!

मग त्या चौकोनाच्या शेजारी दुसरा चौकोन आखा, तुमच्या खोपीचा. तो जेवढा लहान करता येईल तेवढा करा. तुम्ही आडवे झालात की पाय बाहेर जाता कामा नयेत, शेगडीपासून पांघरूण दूर राहिलं पाहिजे, धान्याचा डबा कोरडा राहिला पाहिजे आणि ओले बूट कुठेतरी ठेवता आले पाहिजेत. पाऊस कुठल्या दिशेने येतो ते बघून दार ठरवा. मोठ्या घराच्या वाटेत खोपी येत नाही ना, तेही बघा, नाहीतर ओंडके ओढताना रोज वळसा पडेल. आकडे आणि नकाशा एका कागदावर काढून आमच्याकडे पाठवा. कागदाच्या कोपऱ्यात तारीख मात्र लिहायला विसरू नका. नकाशा काढल्याची नव्हे, खोपी सोडून मोठ्या घरात जायची.